लालचंदचा डबा बिझी म्हणतो

१२ जानेवारी, सोमवार

सातला लावलं. माझ्या वायरलेसच्या डब्याने लालचंदच्या डब्याला हाक मारली आणि लगेच पडद्यावर ओळ आली: बिझी. थोडं थांबून परत लावलं. बिझी. तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही.

काल तर चाललं होतं. अख्खा रविवार उल्हासनगरला त्याच्या घरी बसून एक एक आज्ञा घातली. इकडे बदलापूरला हिला पडद्यासमोर बसवून गेलो होतो. तिकडून फोन केला, अक्षरं आली का? म्हणाली, "आली काहीतरी. पण चष्मा आत राहिलाय." म्हणजे जोडलं गेलं होतं. मग आज काय झालं? मीच काहीतरी चुकीचं घातलं असणार. आठवी शिकलेल्या माणसाने इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स बघून मशीन लावायचं म्हणजे असंच.

बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना. हिला विचारलं, तर म्हणाली, "दोनदा घेतलीत."

१३ जानेवारी

पहाटेपासून डोक्यात तेच.

दिवाळीपासून लालचंदचा आवाज नाही. झटका आला, उजवा हात गेला, जीभ वळेनाशी झाली. डोकं साफ आहे, समजतं सगळं, पण तोंडातून नुसता घोगरा सूर निघतो. इतकी वर्षं रोज सं. सातला वायरलेसवर आम्ही दोघं. तो उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून, घराच्या गच्चीवरून. मी आधी अंबरनाथला बुवापाड्यातून, रिटायर झाल्यावर इथून, बेलवलीतून. बोलायचा तोच. बाजारात कोण कोणाला काय म्हणालं, कोणाच्या दुकानाची पाटी उलटी लागली, भाभीने डाळीत मीठ दोनदा घातलं. मी मधे मधे "हां लालचंदभाई, ओव्हर." माझं काम एवढंच, पण ते काम होतं.

मोर्सची किल्ली डाव्या हाताने मारून बघितली त्याने. टिंब कुठलं आणि रेघ कुठली, कळेना. तेव्हा मलाच हे डबे आठवले. भंगारच्या लॉटमधून त्यानेच कधीतरी आणलेले, एक स्वतःला, एक मला. एका बाजूने वायरलेस सेट जोडायचा, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटर. इकडे टाइप केलं की तिकडे पडद्यावर अक्षरं उमटतात. आवाज लागत नाही, डाव्या हाताचं एक बोट पुरतं. तेव्हा दोघांनाही आवाज होता म्हणून डबे माळ्यावर पडले.

आज टीएक्सडिले वाढवला. ही आज्ञा मला कळते, कारण हे लालचंदनेच शिकवलंय. माइकचं बटण दाबल्या दाबल्या बोलायचं नाही, एक श्वास घ्यायचा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. डब्यालाही तो श्वास किती घ्यायचा ते सांगावं लागतं. मोठा श्वास सांगितला.

सातला लावलं. बिझी.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या काकूंनी तिळगूळ आणून दिला. दाताला लागला.

प्रशांत ऑफिसातून आल्यावर म्हणाला, बाबा, व्हॉट्सअॅप करा ना, कशाला त्या डब्यामागे लागलात. त्याला सांगितलं की लालचंदच्या हातात मोबाइल देऊन झालाय. काचेवर बोट थरथरतं, एकाच्या जागी चार अक्षरं उमटतात. एकदा भिंतीवर फेकला. शिवाय फोन त्याच्या सुनेचा; त्याने काय लिहिलं ते आधी सून वाचणार, मग तिची आई वाचणार. प्रशांत म्हणाला, "बरं." प्रशांत बरं म्हणतो तेव्हा त्याने ऐकलेलं नसतं.

बिझी.

१५ जानेवारी

एक गोष्ट सुचली. सिग्नल पोचतच नसता तर डब्याने पुन्हा पुन्हा हाक मारून शेवटी हात टेकले असते, आणि तशी वेगळी ओळ आली असती. ती येत नाही. लगेच बिझी येतं. म्हणजे माझी हाक तिथे पोचते आहे. पोचते आहे आणि घेतली जात नाही.

हे सुचायला नको होतं. जेवण गेलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

सापडलं. झेरॉक्समध्ये आज्ञांची यादी आहे, एबीसीडीप्रमाणे. डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन्ही दुपारी वाचत होतो, कालची आणि आजची. इंग्रजी अक्षरं मी शाळेत नीट शिकलोच नाही. लायसन्सच्या परीक्षेसाठी मोर्स शिकलो तेव्हा ती आधी कानात बसली, डोळ्यांत नंतर. अजून मोठा शब्द आला की मनात टिंब-रेघ वाजवत वाचतो. वेळ लागतो.

आज्ञेचं नाव कॉनओके. ऑन ठेवली तर कोणीही हाक मारली की डबा जोडून देतो. ऑफ ठेवली तर हाक मारणाऱ्याला बिझी असं उत्तर जातं. आणि ज्याचा डबा त्याच्या पडद्यावर नुसती एक ओळ उमटते, अमक्याने हाक मारली म्हणून.

मी रविवारी ती ऑनच ठेवली होती, कारण कारखान्यातून डबा येतो तेव्हाच ती ऑन असते, तिला मी हातच लावला नाही. वीज जाऊन डबा सगळं विसरला असेल म्हणावं, तर विसरल्यावरही ऑनच होणार. आपोआप ऑफ होत नाही. कोणीतरी टाइप केल्याशिवाय होत नाही.

त्या घरात ते टाइप करणारा एकच माणूस आहे.

१७ जानेवारी

लावलं नाही म्हणता म्हणता सातला लावलंच. बिझी.

ही म्हणाली, "तुमचं बोलणं नको असेल त्यांना. माणूस आजारी आहे." मी म्हटलं माझं कसलं बोलणं, मी तर हां हां म्हणतो. म्हणाली, "तेच नको असेल."

रविवारचं आठवत बसलो. सगळं जोडून झाल्यावर मी त्याला खुर्चीत बसवलं होतं आणि म्हटलं होतं, लालचंदभाई, आता बोला. त्याने बोट उचललं. बराच वेळ हवेत. मग एक अक्षर दाबलं, ते चुकलं. खोडलं. परत चुकलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, म्हणून मला वाटलं हसतोय. मीही हसलो. त्याने हात खाली ठेवला आणि भाभीला चहाची खूण केली.

उद्या जातो.

१८ जानेवारी, रविवार

गेलो. लालचंद घरी नव्हता. त्याचा मुलगा त्याला व्यायामासाठी घेऊन गेला होता. भाभीने नेहमीप्रमाणे पाणी आणि भाजलेला पापड पुढे ठेवला. त्या घरात पापडाशिवाय पाणी मिळत नाही. "अड़े मिस्त्रीजी, बैठो तो सही, खड़े-खड़े क्या देख रहे हो?" मी अंबरनाथच्या कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करायचो. लालचंद पहिल्यांदा भेटला तो जळालेला ट्रान्सफॉर्मर घेऊन आला होता, तेव्हापासून त्या घरात मी मिस्त्री.

डबा चालू होता. पडद्यावर ओळी होत्या. एकाखाली एक, सोमवारपासूनच्या. प्रत्येक ओळीत माझं कॉलसाइन, म्हणजे वायरलेसवरचं नाव. दुसरं काही नाही.

नुसतं आज्ञेचं नाव टाइप केलं की डबा सांगतो ती सध्या कशी आहे. टाइप केलं. कॉनओके ऑफ.

भाभीला विचारलं, लालचंदभाई इथे बसतात का? ती कपडे घडी करत होती. म्हणाली, रोज. साडेसहाला स्वेटर मागतात, खुणेने. केस विंचरून घेतात. मला म्हणतात बाजूला हो, म्हणजे हात असा करतात. मग बसून राहतात. तुमची ओळ आली की मला बोलावतात आणि बोटाने दाखवतात. जसं काही तारच आली. मग दूध पितात आणि झोपतात. एका संध्याकाळी तुमची ओळ उशिरा आली, तेव्हा घर डोक्यावर घेतलं, आवाज नाही तरी.

मी म्हटलं, पण भाभी, मला उत्तर बिझी येतं. ते मला आत घेत नाहीत.

तिने घडी घातलेला शर्ट परत उलगडला. परत घडी घातली. "जो आदमी पूरे बाज़ार का मज़ाक उड़ाता था, वो अब एक लफ़्ज़ में दस मिनट लगाए? वो भी आपके सामने?"

माझं बोट की-बोर्डवरच होतं. ऑफचं ऑन करायला किती वेळ लागतो? त्याला कळलंही नसतं. संध्याकाळी मी हाक मारली असती आणि डब्याने जोडून दिलं असतं. आणि मग तो बसला असता, मी इकडे वाट बघत, त्याचं बोट हवेत.

भाभी म्हणाली, "देखना है तो देखो मिस्त्रीजी, मगर कुछ बदलना मत. सारे घर में यही एक चीज़ है जो वो ख़ुद करते हैं."

बोट काढून घेतलं.

तेवढ्यात ते आले. मुलाच्या खांद्यावर हात टाकून लालचंद दारात. मी त्याच्या खुर्चीत. त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पडद्यावर शेवटची ओळ माझ्या विचारण्याची होती, कॉनओके ऑफ. वाचली असणार. त्याची नजर अजून दुकानदाराची आहे, काही सुटत नाही. मी उठलो. म्हटलं, व्यायाम कसा चाललाय? त्याने हात हलवला, असातसा.

चहा झाला. डावा हात त्याने माझ्या गुडघ्यावर ठेवला होता, बराच वेळ. मग एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेपाच वाजले होते. मला दारापर्यंत ढकललं म्हणायला हरकत नाही. भाभी हसायला लागली. म्हणाली, घरी जा म्हणतायत, नाहीतर सातला कोण लावणार?

पोचलो. लावलं. बिझी.

१९ जानेवारी

कालपर्यंत वाईट वाटत होतं. आज राग आला. माझ्यासमोर लाज? माझ्यासमोर? परीक्षेच्या वेळी माझं इंग्रजी ऐकून हाच हसत हसत पाण्याचा ग्लास सांडायचा. मला लाज वाटली होती का? वाटली होती. पण मी बोलायचं थांबवलं नाही. आणि मी काय त्याची वाक्यं मोजत बसणार आहे? एक अक्षर पाठव. दिवसाला एक.

आणि रोज मला बिझी बघावं लागतं ते? त्याला माझं नाव दिसतं, मला तो एक शब्द.

आज माझ्या डब्यावरही कॉनओके ऑफ करून बघितलं. त्याला बसल्या जागी काय दिसतं ते बघायचं होतं. पण मला हाक मारतोय कोण? काही दिसलं नाही. ऑफ असला तरी आपण दुसऱ्याला हाक मारू शकतो, तेवढं कळलं. सातला लावलं, बिझी.

ही विहारातून आली तेव्हा मी गॅलरीत तसाच बसलो होतो. म्हणाली, थंडी केवढी आहे, टोपी तरी घाला.

२० जानेवारी

आज मुद्दाम लावलं नाही. त्यालाही एक दिवस कळू दे.

साडेसात वाजता वाटलं आता लावावं. लावलं नाही. आठ वाजता वाटलं, स्वेटर घालून बसला असेल. तेव्हा फार उशीर झाला होता. दूध पिऊन झोपला असेल, किंवा नसेल.

२१ जानेवारी

अंगात ताप. गॅलरीची थंडी बाधली. ही म्हणते मी सांगितलं होतं.

गॅलरीत जायचं नाही असा हुकूम आहे. कॉम्प्युटर तिथेच चालू राहिलाय, डबापण. बंद कर म्हटलं तर म्हणाली, मी त्याला हात लावणार नाही, काही उडालं तर माझ्या नावावर.

२३ जानेवारी

दोन दिवस लिहिण्याजोगं काही नाही. ताप उतरतो, चढतो. डॉक्टर म्हणाले छातीत कफ.

सातला हिला म्हटलं, नुसती एक ओळ टाइप करायची, मी सांगतो कशी. म्हणाली, "झोपा." मग म्हटलं भाभीला फोन तरी कर, आजारी आहे म्हणून सांग. केला. उचलला नाही. परत कर म्हटलं. परत केला, सुनेने उचलला, मागे कुकरची शिटी, सांगते म्हणाली. सांगितलं असेल का?

पडल्या पडल्या एक वाईट विचार येत राहतो. समजा सांगितलं नाही. समजा त्याला वाटलं, मिस्त्रीने रविवारी पडद्यावरची ओळ बघितली आणि रागावून बंद केलं. सुरुवात तर तशीच झाली होती ना. पहिल्या दिवशी ताप नव्हता.

२५ जानेवारी, रविवार

आज उठलो. सकाळी ही भाजी आणायला कुळगावच्या बाजारात गेली तेव्हा गॅलरीत गेलो. पडदा काळा झाला होता, एक बटण दाबलं, उजळला.

दोन ओळी होत्या.

लालचंदचं कॉलसाइन. हाक मारली म्हणून. त्याखाली पुन्हा, लालचंदचं कॉलसाइन.

आधी आनंद झाला, खरंच हात वर केला मी. मग खुर्चीत बसलो. ही ओळ अशी नुसती कधी उमटते ते मला आता पाठ आहे. डबा जोडून देत नाही तेव्हा. त्या सोमवारी ऑफ केला तो ऑन करायचा राहिला. मग रुसलो, मग पडलो. आणि तिकडे त्याला दोन्ही वेळा माझ्या डब्याने उत्तर दिलं असणार, बिझी.

कधी आल्या ते कळायला मार्ग नाही. डब्याला घड्याळ लावायची आज्ञा वेगळी आहे, ती मी अवघड म्हणून सोडून दिली होती. पहिल्याच संध्याकाळी आल्या की काल, एकापाठोपाठ की मधे दिवस गेला, माहीत नाही.

हाक मारायची म्हणजे सी हे अक्षर, मग जागा सोडायची, मग माझं सहा अक्षरी कॉलसाइन, मग एंटर. एका बोटाने. चुकलं की खोडायचं. दोनदा केलं त्याने. जो माणूस मला एक अक्षर दाखवायला लाजत होता.

ऑन केलं. तीनदा विचारून खात्री केली, ऑन आहे.

ही आली. तिला सांगितलं. पिशवी खाली न ठेवता ऐकलं सगळं. मग म्हणाली, "जोत्याखाली खेळणारी पोरं बरी. कट्टी फू केली तर निदान समोरासमोर करतात."

म्हटलं, आता काय करू?

"मला काय विचारता. फोन करा भाभीला."

फोन नाही केला. फोनवर भाभी बोलणार, तो ऐकणार, आणि ती सांगणार की मिस्त्रीची चूक झाली. त्याला उत्तर देता येत नाही तिथे मी उत्तर द्यायचं नाही.

२५ जानेवारी, सं.

सहापासून बसलोय. टोपी, मफलर, हिने वरून शालही टाकली. दार लावून घेते म्हणाली, वारा येतो.

सात वाजले. सव्वासात. त्याच्याकडून काही नाही.

वायरलेसवर लालचंदने मला सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट बटणाची नव्हती, पाळीची होती. पहिल्या दिवशी मी त्याच्या बोलण्यावर बोलत होतो, दोघांचंही काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा म्हणाला होता, "मिस्त्री, जिसने ओवर बोल दिया वो चुप. अब दूसरे की बारी. चाहे वो रात भर न बोले." इतकी वर्षं मी तो नियम मोडला नाही. हां, ओव्हर, आणि गप्प.

शेवटची हाक त्याची आहे. दोनदा मारली आणि गप्प बसला. पाळी माझी आहे, त्याची नाही. मी सहापासून त्याची वाट बघत बसलोय आणि तो तिकडे केस विंचरून माझी वाट बघत असेल. किंवा नसेल. डबा बंद करून दूध पिऊन झोपला असेल, भाभीला हात असा करून, की राहू दे.

त्याचा कॉनओके आता ऑन आहे की ऑफ, मला माहीत नाही. मला हाक मारताना त्याने बदलला असेल का? मारणाऱ्याला बदलावा लागत नाही. पण ज्याला बोलायचं असतं तो बदलेल. की नाही बदलणार? बिझी आलं तर त्याच्या पडद्यावर माझी ओळ उमटेल, एवढं तरी होईल, आणि तो भाभीला बोलावेल. बिझी नाही आलं, जोडलं गेलं, तर मला काय लिहायचं ते सुचलेलं नाही. हां लालचंदभाई, एवढंच येतं. त्यापुढे त्याची पाळी. मग कितीही वेळ लागो, मी बसेन, शाल आहे.

सी, जागा, त्याचं कॉलसाइन. टाइप करून ठेवलंय. एंटर दाबलेलं नाही. बोट हवेत आहे, माझंपण.

ही दाराआडून विचारते, जेवायला वाढू का. म्हटलं थांब.

एवढं लिहून झालं की दाबतो.